तासाभराच्या अंतरावरचं रान

नागपूरच्या दक्षिण टोकाच्या बेसाचा पत्ता सांगताना लोक ‘मनीषनगरच्या पुढे’ असं सांगतात. भटकायची आवड असलेल्या माणसाने तो उलट्या दिशेने सांगायला हवा. पश्चिमेला वर्धा रोड, पूर्वेला उमरेड रोड आणि दक्षिणेकडून या दोघांना जोडणारा आउटर रिंग रोड. या तिघांच्या मधे बेसा-पिपळा आहे. नागपूरच्या मध्यवस्तीतल्या माणसाला रानाकडे जायचं तर आधी अख्खं शहर पार करावं लागतं. बेसात राहणारे तुम्ही मात्र पहाटे फ्लॅटचं दार ओढून घेतलं की थोड्या वेळात तूर आणि कपाशीच्या शिवारात असता. बुटीबोरी हाकेच्या अंतरावर, उमरेडच्या पुढचं कऱ्हांडल्याचं जंगल साधारण साठ किलोमीटरवर आणि बोर व्याघ्र प्रकल्प त्याहून थोडा लांब.

तरीही इथल्या नव्या वसाहतींमध्ये राहायला आलेली मंडळी कॅमेरा घेतात आणि लगेच लेह, स्पिती, मुन्नारचे बेत आखतात. त्यांना माझा आग्रहाचा सल्ला असतो की पहिलं वर्षभर शंभर किलोमीटरच्या आत फिरा. मोजक्या जागा निवडा आणि त्याच जागांवर हिवाळ्यात, उन्हाळ्यात, पावसाळ्यात परत परत जा. लांबच्या प्रवासात एखाद्या जागेच्या वाट्याला एकच सकाळ येते. त्या सकाळी ढग आले की सगळं संपलं. जवळच्या तलावावर ढग आले तर पुढचा रविवार तुमचाच असतो. सूर्य कुठल्या झाडामागून वर येतो, पाखरं कुठल्या कोपऱ्यात उतरतात, वारा सुटला की पाणी कुठे शांत राहतं, हे एकदा ठाऊक झालं की साध्या मोबाइलमधूनही चांगला फोटो निघतो. हे ठाऊक नसेल तर महागडी लेन्स फारशी कामी येत नाही.

आधी उजेडाचं बोलू, कारण नागपूरच्या उन्हाशी जुळवून घेतल्याशिवाय इथे फोटो काढता येत नाही. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे २६ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायातच जिरते. अशा उजेडात माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात, पानांचा रंग उडतो, आभाळ पांढरं फटक येतं. मे महिन्याच्या अखेरीस सूर्योदय साडेपाचच्या सुमारास होतो आणि आठ वाजेपर्यंत ऊन इतकं कडक होतं की कॅमेरा पिशवीत गेलेला बरा. म्हणून उन्हाळ्यात साडेचारला घर सोडायचं. सहाला निघणारा माणूस तलावावर पोचतो तेव्हा सकाळ हातातून गेलेली असते. जानेवारीचं गणित वेगळं. सूर्योदय सातच्या जरा आधी, ऊन तिरपं, सावल्या लांब, आणि नऊ-साडेनऊपर्यंत उजेड मऊ राहतो. नुकतीच सुरुवात केलेल्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. उन्हाळ्यात हवेत धूळ असते. त्या धुळीमुळे मावळतीचा रंग सुंदर येतो, पण दूरचे डोंगर पुसट होतात. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते. लांबवरची दृश्यं तेव्हाच टिपावीत.

दुपार मात्र अगदीच वाया घालवायची नाही. रामटेकजवळच्या नगरधनच्या किल्ल्याच्या दरवाजात, देवळाच्या मंडपात, गावातल्या एखाद्या ओसरीवर दुपारीही उजेड छान पसरतो, कारण तो समोरच्या जमिनीवरून उसळून आत येतो. माणसाचा फोटो काढायला हा उजेड मला सकाळच्या उन्हापेक्षाही आवडतो.

हिवाळ्यात पहिली जागा तलावाची. उमरेडच्या बाजूला मकरधोकडा आणि सायकी, बुटीबोरीच्या बाजूला वडगावचं धरण. विदर्भातल्या तलावांचे काठ उथळ असतात. दिवाळीनंतर पाणी ओसरायला लागतं, चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि पाहुणे पक्षी उतरतात. चक्रवाक येतात, लालसरी येते, टोकदार शेपटीचं तलवार बदक येतं. या सगळ्यांत माझा जीव पट्टकादंबावर आहे. हा राखाडी हंस तिबेट आणि मध्य आशियातल्या पठारांवरून हिमालय ओलांडून येतो. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असतात, ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. रात्री शेतातली हिरवी पिकं चरायची आणि दिवसा पाण्याकाठी विसावा घ्यायचा, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो.

त्याचा फोटो काढायचा तर अंधार असतानाच काठावर जाऊन बसायला हवं. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन पक्ष्यांच्या अंगावरचे रंग टिपायचे असतील तर तलावाचा पूर्वेकडचा काठ धरा. सोनेरी पाण्यावर काळ्या आकृती हव्या असतील तर पश्चिमेचा काठ. कपडे मातकट रंगाचे असावेत. पांढरा शर्ट आणि भडक टोपी घरी ठेवा. उभं राहू नका, खाली बसा. जमलं तर पालथं पडा आणि कॅमेरा जमिनीलगत ठेवा. टेकू म्हणून कापडी पिशवीत तांदूळ भरून घ्यावेत. दुकानातल्या बीनबॅगचं काम ती चोख करते.

आता थव्याकडे नीट बघा. बहुतेक हंस माना खाली घालून चरत असतात किंवा चोच पिसांत खुपसून निजलेले असतात. दोन-तीन माना मात्र उभ्या असतात. तुम्ही पुढे सरकलात की त्या दोन-तीनच्या आठ-दहा होतात, चरणं थांबतं आणि एक हलका, नाकातून आल्यासारखा आवाज थव्यातून फिरतो. तिथेच थांबायचं. आणखी दोन पावलं टाकलीत तर सगळा थवा उडतो, आणि मग उडत्या थव्याचा फोटो मिळाला म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची विश्रांती त्यात गेलेली असते. तुम्ही थांबलात तर थोड्या वेळाने उभ्या माना एकेक करून परत खाली जातात. त्यानंतर ते स्वतःहून तुमच्याकडे सरकतात, आणि तेव्हा मिळणारे फोटो पाठलाग करून कधीच मिळत नाहीत. उडता पक्षी टिपायचा असेल तर शटर १/१६०० सेकंदाच्या वर ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडा आणि सतत फोकसचा पर्याय निवडा. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात. हललेला पक्षी सुधारता येत नाही.

खरेदीबद्दल विचाराल तर लेन्सच्या आधी दुर्बीण घ्या. आठ बाय बेचाळीसची साधी, चांगली दुर्बीण पुष्कळ वर्षं साथ देते आणि ती बघायला शिकवते. एक-दोन हिवाळे दुर्बिणीत घालवल्यावर आपल्याला नेमकं काय टिपायचं आहे ते कळतं आणि मग पैसे योग्य जागी जातात. ड्रोनचा मोह असेल तर आधी नियम वाचा. बेसा विमानतळाच्या इतकं जवळ आहे की घराच्या गच्चीवरून उडवण्याआधीसुद्धा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा तपासावा लागतो. अभयारण्यात आणि पक्ष्यांच्या तलावांवर ड्रोन नकोच.

जंगलाची सुरुवात कऱ्हांडल्यापासून करावी. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र १८९ चौरस किलोमीटर. ते लहान आहे, पण ताडोबा, नागझिरा यांच्यामधे ये-जा करणाऱ्या वाघांच्या वाटेवर आहे. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून ‘जय’ नावाचा वाघ इथे आला आणि त्याच्यामुळे हे नाव देशभर गेलं. एप्रिल २०१६ नंतर तो पुन्हा दिसला नाही. त्या काळात मी इथे आलेले पर्यटक पाहिले आहेत. जय दिसला नाही तर त्यांना सफारी फुकट गेल्यासारखी वाटे. समोर मोहाखाली चितळांचा कळप उभा असे, ऐनाच्या खोडावर सुतार पक्षी ठोके देत असे, आणि गाडीतून आवाज येई, ‘चला ना पुढे.’

हे ‘चला ना पुढे’ कुठवर जातं, ते ३१ डिसेंबर २०२४ ला दिसलं. याच अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना जिप्सींनी त्यांची वाट दोन्हीकडून अडवली. ती चित्रफीत सगळीकडे फिरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि गाइड व चालकांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण गाडी पुढे घ्यायला लावणारे मागच्या सीटवर कॅमेरे घेऊन बसलेले असतात, हेही आपण मनाशी कबूल केलं पाहिजे. चालकाला वाटतं, पर्यटक नाराज झाला तर रोजगार जाईल. म्हणून गेटवर जिप्सीत बसताना पहिलं वाक्य हे बोला: ‘भाऊ, वाघ नाही दिसला तरी चालेल. गाडी पळवू नका, आणि दुसऱ्या गाड्या असतील तर आपण मागे थांबू.’ एवढं म्हटल्याबरोबर गाइडच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला आहे. तो गाइड त्याच परिसरातल्या गावचा असतो. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं की तो बोलायला लागतो, पगमार्क दाखवतो, घुबडाची ढोली दाखवतो, ‘हे अस्वलानं उकरलंय’ असं सांगतो. वाघामागे धावणाऱ्या गाडीत यातलं काहीच कळत नाही.

कान उघडे ठेवा. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरायला लागलं, चितळाने टोकदार आवाज काढला, की गाइड म्हणतो, ‘कॉल चालू आहे.’ चितळ कधी कधी उगाच दचकतं. सांबर सहसा फसत नाही. त्याचा कॉल आला तर इंजिन बंद करून थांबायला सांगा. थांबलेल्या गाडीला जे दिसतं ते धावणाऱ्या गाडीला दिसत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे.

सफारीचं आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर आधी करावं. सुट्यांच्या दिवसांचं तर पुष्कळच आधी. ज्या ओळखपत्रावर आरक्षण केलं तेच मूळ ओळखपत्र सोबत घ्या. गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं. मोबाइल आत नेऊ देतात का, मोठ्या लेन्सचं वेगळं शुल्क आहे का, आठवड्याची सुटी कोणत्या वारी, हे प्रत्येक जंगलाचं निराळं असतं आणि बदलतंही, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा तपासा. मोबाइल गेटवर ठेवावा लागणार असेल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

उघड्या जिप्सीत सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धूळ. आत गेल्यावर लेन्स बदलू नका. कॅमेरा सुती दुपट्ट्यात गुंडाळून मांडीवर ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्याला बांधतो तोच दुपट्टा इथेही उपयोगी पडतो. पहाटेच्या सफारीत शटर १/५०० च्या खाली सहसा नेऊ नका, कारण इंजिन बंद असलं तरी माणसं हलतात आणि गाडी डुलते. वाघ दिसलाच तर पहिले दोन फोटो घेऊन डोळा कॅमेऱ्यातून बाहेर काढा. तो कुठे बघतोय, कान कुठे वळलेत, वाटेवर मोकळी जागा कुठे आहे, ते पाहा आणि मग पुढचा फोटो घ्या. चौकट वाघाच्या तोंडाने भरून टाकायची घाई नको. साग, तेंदू, वाळलेलं गवत आणि त्यात लहान दिसणारा वाघ, असा फोटो पाहिला की जागा ओळखू येते. नुसत्या तोंडाचे फोटो कुठल्याही जंगलातून आले तरी सारखेच दिसतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे जंगलालगतच्या गावांतली माणसं मोहफुलं वेचायला निघतात. टोपल्या, वाकलेल्या पाठी, पिवळसर फुलांचा सडा, वरून गळणारा कोवळा उजेड. कॅमेऱ्याकडे हात जातोच. तिथे आधी बोला. ‘मावशी, फोटो काढू का?’ एवढं पुरतं. त्यांनी नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. हो म्हटलं तर लगेच काढायला लागू नका, थोडा वेळ त्यांच्या कामात राहू द्या. आणि काढलेला फोटो छापून पुढच्या खेपेला नेऊन द्या. शंभर किलोमीटरच्या आत फिरण्याचा हा एक मोठा लाभ आहे की दिलेला शब्द पाळता येतो. मोहफुलं वेचणाऱ्या माणसांवर त्याच दिवसांत वाघाचे हल्ले होतात, हे लक्षात ठेवून त्यांच्या मागोमाग जंगलात मात्र शिरू नका.

रात्रीच्या आभाळासाठी उत्तरेला पेंचकडे जावं लागतं. शहर ओलांडून ऐंशीएक किलोमीटर होतात, पण यासाठी ते करावं. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. भारतात पहिला, आशियात पाचवा. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमधले दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला गेला, आणि वाघोलीजवळ आकाश पाहण्यासाठी सोय उभी राहिली. गावकऱ्यांनी आपल्या रस्त्यावरचे दिवे बदलू दिले म्हणून आपल्याला तारे दिसतात. तिथे जाऊन गाडीचे प्रखर दिवे लावून उभं राहणं हा त्यांचा अपमान आहे.

तारीख ठरवायला घरातलं कालनिर्णय पुरेसं आहे. अमावस्या बघा आणि तिच्या आगेमागे चार दिवस धरा. आकाशगंगेचा तेजस्वी गाभा हवा असेल तर मार्च ते मे. मार्चमध्ये तो पहाटेपूर्वी आग्नेयेला वर येतो, मेमध्ये मध्यरात्रीच्या आधीच दिसायला लागतो. जूनपासून ढग त्याला झाकतात. हिवाळ्यात मृग नक्षत्र, कृत्तिका, व्याध डोक्यावर असतात आणि हवा स्वच्छ असते. कुटुंबासोबत जायचं तर हिवाळाच बरा. एक गोष्ट आधी ठाऊक असावी. आकाशगंगेचा गाभा आपल्याकडून दक्षिणेला दिसतो आणि पेंचहून नागपूरचा उजेडही दक्षिणेलाच आहे. म्हणून गाभा क्षितिजापासून वर चढेपर्यंत थांबा आणि चौकटीच्या तळाला झाडांची ओळ घ्या, म्हणजे शहराची पिवळट झाक तिच्यामागे जाते.

तिपाई लागतेच. ज्यांच्याकडे फुल-फ्रेम कॅमेरा आहे त्यांनी पाचशेचा ठोकताळा वापरावा. पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, येतील तितके सेकंद शटर उघडं ठेवा. चोवीस मिमीच्या लेन्सला वीस सेकंद. त्याहून जास्त ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात आणखी कमी, बारा-तेरा सेकंद. आयएसओ ३२०० पासून सुरू करा. फोकस हाताने, एखाद्या ठळक ताऱ्यावर मोठं करून. हल्लीच्या चांगल्या मोबाइलमध्ये रात्रीचा पर्याय असतो. तोही तिपाईवर ठेवून टायमर लावला तर चकित करतो. विजेरीवर लाल कागद चिकटवा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोतात ती सगळी वाया जातात. रात्री राहण्याची आणि फिरण्याची परवानगी जिथे आहे तिथेच थांबा. त्या रानात वाघ आहेत.

दगडांच्या जागा लोक विसरतात, म्हणून त्यांची आठवण करून देतो. विदर्भात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी मोठाल्या धोंड्यांची वर्तुळं रचली. काटोल रस्त्याकडच्या जुनापाणीची शिळावर्तुळं सर्वांत प्रसिद्ध, पण बेसाहून आणखी सोयीची जागा म्हणजे बुटीबोरीजवळचं टाकळघाट-खापा. तिथे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी उत्खनन केलं होतं. जुनापाणीला भर दुपारी गेलात तर शेतात पडलेले काळे दगड दिसतील आणि निराशा होईल. मावळतीच्या आधी अर्धा तास तिथे असा. ऊन दगडाच्या पृष्ठभागाला घासून जायला लागलं की आतापर्यंत सपाट वाटलेल्या धोंड्यावर वाटीएवढे खळगे उमटतात, एका ओळीत, बोटाने मोजता येतील असे. कुणीतरी ते मुद्दाम कोरले आहेत. दहा-पंधरा मिनिटांत ऊन गेलं की ते परत नाहीसे होतात. अशा ठिकाणी कॅमेऱ्यात उजेड पाव-अर्धा टप्पा कमी ठेवा, म्हणजे खळग्यांच्या सावल्या गडद येतात. दगडांवर चढू नका, खडूने खुणा करू नका, पाणी ओतू नका.

ज्यांना अंगमेहनतीची हौस आहे त्यांनी सायकल घ्यावी. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्या वर्षी सायबेरिया ओलांडणारी नऊ हजार किलोमीटरहून लांब शर्यतही. तेव्हापासून इथल्या रस्त्यांवर पहाटे हेल्मेट घातलेली मंडळी वाढली आहेत. कॅमेऱ्यासाठी सायकल उत्तम, कारण वाटेत काही दिसलं की जागच्या जागी थांबता येतं. आउटर रिंग रोडवर मात्र जड वाहनं असतात. तो फक्त ओलांडा आणि आतल्या गावरस्त्यांनी जा. मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारं जाकीट हवंच. कॅमेरा पाठीवर घट्ट बांधा, हँडलला लटकवू नका.

आता जिवाची काळजी. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेलेला आहे. त्या दिवसांत दहानंतर उघड्यावर राहण्याची जिद्द नको. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस, ताक किंवा पन्हं. पोटात काहीतरी असू द्या. तर्री-पोहे परतीच्या वाटेवर खा, भर उन्हात चढायच्या आधी नकोत. डोकं दुखायला लागलं, घाम येणं थांबलं, बोलणं असंबद्ध झालं तर सावली, अंगावर ओलं कापड आणि थेट दवाखाना. बंद गाडीत कॅमेरा आणि बॅटऱ्या ठेवू नका.

पावसाळ्यात पायात उंच बूट आणि हातात काठी. साप चावला तर पाय करकचून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, यांत वेळ घालवू नका. माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. पूर्व विदर्भात विजा फार पडतात. गडगडाट ऐकू आला की मोकळं शेत, एकटं झाड आणि तलाव सोडा, गाडीत किंवा पक्क्या घरात जा, तिपाई हातात धरून उभे राहू नका. जुन्या किल्ल्यावर किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर आवाज, धूर आणि अत्तर टाळून लांबून निघून जा.

आणि पाणी. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली. काही जण नावेतूनच फेसबुकवर थेट चित्रण करत होते. त्यातले बरेच घरी परतले नाहीत. आजही त्याच वयाची मुलं धरणाच्या सांडव्यावर मोबाइल उंच करून उभी असलेली दिसतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही, लाइफ जॅकेटशिवाय नावेत बसायचं नाही, सांडव्याच्या शेवाळावर पाऊल टाकायचं नाही. सोबत लहान मुलं असतील तर एका मोठ्या माणसाने कॅमेरा अजिबात हातात घ्यायचा नाही, फक्त मुलांकडे बघायचं. हा नियम निघण्याआधी घरीच ठरवा.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी फोटो संगणकावर उतरवा आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. फोल्डरला जागेचं नाव आणि तारीख द्या. शेकडो फोटोंतून दहा ठेवायची सवय लावा. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते. एसी गाडीतून दमट हवेत आल्यावर काचेवर वाफ धरते; तेव्हा पुसत बसू नका, दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या.

सोबत एक वही ठेवा. मारुती चितमपल्लींनी नवेगाव, नागझिऱ्याच्या रानात नोकरी करताना गावकऱ्यांकडून पक्ष्या-झाडांची नावं टिपून घेतली आणि त्यांतून कोश उभे राहिले. आपलं काम तेवढं मोठं नसेल, पण तारीख, वेळ, वारा, पाण्याची पातळी, कोणता पक्षी किती आणि तिथल्या माणसाने त्याला काय म्हटलं, हे चार ओळींत लिहिता येतं. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात कुठे जायचं ते ही वही सांगते. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्डवर टाकल्या तर अभ्यासकांनाही कामी येतात. समाजमाध्यमांवर फोटो टाकण्याआधी मात्र मोबाइल आणि कॅमेऱ्यातली स्थाननोंद बंद करा. घरटं, पिल्लं असलेली वाघीण, घुबडाची ढोली यांचा नेमका पत्ता कधीच लिहू नका. ‘उमरेड परिसर’ एवढं पुरे. कुणी आग्रहाने विचारलं तर त्याला पुढच्या रविवारी पहाटे साडेचारला आपल्यासोबत यायला सांगा.